ओढून मोठं केलेलं शटर

काका, नमस्कार. मी परभणीची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यापासून अण्णांच्या फर्निचर कामाची ड्रॉइंग मीच करते, स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या प्रोग्रामवर. सध्या एका डॉक्टरांच्या नव्या घराचं किचन आणि देवघर चालू आहे. त्यांच्या गावाकडच्या माळवदाच्या घरात जुनी सागवानी दारं आहेत, कपाटांची शटर्स, म्हणजे दारं, तशीच पाहिजेत: चौकटीत बसलेलं पॅनेल, आतल्या कडेला मोल्डिंग, वरच्या कपाटांना कमान, देवघराच्या दारांवर मधोमध कमळ. किचन एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पेंट करून, देवघर सागवानात. मी एक शटर मन लावून काढलं, पण ते ओढून दुसऱ्या मापाचं केलं की पट्ट्या जाड होतात, कमान बसकी होते, कमळ चपटं होतं. म्हणून छत्तीसच्या छत्तीस शटर्स वेगवेगळी काढली. आता फाईल उघडताना लॅपटॉप अडकतो, आणि डॉक्टरांनी फ्रिजची जागा बदलल्यावर निम्मं काम पुन्हा करावं लागलं. संभाजीनगरला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, एक नमुना कापून आणला: शटर ४४६ × ७१६, चौकटीची पट्टी ६५, खोबण १० मिमी खोल, पॅनेल ३३६ × ६०६. चौकट मिटलीच नाही. अण्णा म्हणतात, "कॉम्प्युटर गिऱ्हाइकाला दाखवायला ठीक, लाकडाला टेपच लागतो." कपाटांसाठीचं महाग सॉफ्टवेअर घेऊ का? की अण्णांचं ऐकू? आणि ड्रॉइंगचे वेगळे पैसे मागावेत का? मागितले तर लोक हसतात.
— अण्णांची लेक, परभणी

लेकी,

सॉफ्टवेअर घेऊ नकोस, निदान आत्ता तरी नाही. अण्णांचं मात्र ऐक. त्यांना लॅपटॉपशेजारी खुर्ची टाकून बसव आणि त्यांच्या डोक्यात जे पक्कं बसलेलं आहे ते बोलतं कर. तुझं अडलेलं सगळं काम त्यांच्याकडे तयार आहे, फक्त ते कधी कागदावर आलेलं नाही.

अण्णांना ४४६ चं शटर करायला सांग आणि नंतर ५९६ चं. दुसऱ्या शटरला ते पट्टी जाड करतील का? नाही. पट्टी तीच, जाडी तीच, मोल्डिंग तेच, खोबण तेवढीच खोल. बदलणार काय, तर आडव्या पट्टीची लांबी आणि पॅनेलची रुंदी. हे त्यांच्या हातात इतकं भिनलेलं आहे की ते वेगळं सांगावं असं त्यांना वाटतही नाही. तू स्केचअपमध्ये शटर ओढलंस तेव्हा प्रोग्रामनं सगळंच त्या प्रमाणात ओढलं, कारण काय हलायचं आणि काय जागेवर राहायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शटर मॉडेल करायचं म्हणजे एवढंच सांगायचं असतं. छत्तीस शटर्स काढण्याची गरज नाही; एकच शटर काढायचं, आणि त्याच्या प्रत्येक मापापुढे ते ठरलेलं आहे की कशावरून तरी निघतं, हे लिहायचं.

तुझ्याच नमुन्यावर करून दाखवतो. शटरची रुंदी ४४६ आणि उंची ७१६, ही बाहेरून येणारी मापं. पट्टी ६५, खोबण १०, जाडी १८, ही ठरलेली. आता निघणारी मापं: आडव्या पट्टीची दिसणारी लांबी म्हणजे रुंदीतून दोन पट्ट्या वजा, ४४६ − १३० = ३१६. दोन्ही टोकांच्या, खोबणीत शिरणाऱ्या जिभा प्रत्येकी १० मिमी, म्हणून कापायची लांबी ३३६. पॅनेलची रुंदी म्हणजे दिसणारी ३१६, अधिक दोन्हीकडच्या खोबणीत जाणारे २०, आणि त्यातून मोकळीक वजा.

तू ती मोकळीक वजा केलेलीच नाहीस. ३३६ × ६०६ हे पॅनेल खोबणीच्या थेट तळापर्यंत पोचतं. कागदावर ते बरोबर दिसतं, स्क्रीनवर तर छानच दिसतं. प्रत्यक्षात खोबणीत जरासा भुसा राहिला, फेव्हिकॉलचा थर साचला, पॅनेल अर्धा मिमी मोठं कापलं गेलं, की चौकटीचे चारही सांधे उघडे. मशीनवाल्याचा यात दोष नाही, त्यानं तू दिलेलं माप कापलं. एमडीएफच्या पॅनेलला प्रत्येक बाजूला १ मिमी सोड, म्हणजे ३३४ × ६०४. आणि तेच पॅनेल व्हर्नियरनं मोजून बघ: ६ मिमी म्हणून आणलेला एमडीएफ दोन्ही बाजूंनी प्रायमर मारल्यावर ६ राहात नाही. खोबणीची रुंदी खऱ्या जाडीवरून ठरव, दुकानदाराच्या बिलावरून नको.

देवघराचं गणित वेगळं आहे, आणि इथे अण्णांचा शब्द शेवटचा. सागवानाची फळी आडव्या दिशेनं फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ हलत नाही. सपाट चिरलेल्या सागवानाची ३०० मिमी रुंद फळी घेतली आणि लाकडातली आर्द्रता ४ टक्क्यांनी वाढली, तर ती साधारण २ मिमी रुंद होते. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड कडकडीत वाळलेलं असतं आणि आषाढ-श्रावणात तेच दमट हवा पितं. मेमध्ये घट्ट बसवलेलं पॅनेल श्रावणात चौकट फोडतं. म्हणून देवघराच्या पॅनेलला रुंदीत प्रत्येक बाजूला २ मिमी, उंचीत १ मिमी, आणि पॅनेलला सरस अजिबात लावायचा नाही. सरस फक्त चौकटीच्या सांध्यांना. डॉक्टरांच्या गावी माप घ्यायला गेलीस तर त्या जुन्या दाराच्या पॅनेलवर दोन्ही तळवे टेकवून हळूच हलवून बघ. ते किंचित सरकेल. इतके पावसाळे काढूनही ते दार फाटलं नाही, याचं कारण त्या सरकण्यात आहे. किनवटकडचं सागवान असो की आणखी कुठलं, हा नियम कुठल्याच लाकडाला चुकत नाही.

म्हणून तुझ्या मॉडेलमध्ये मोकळीक हे स्वतंत्र, नाव दिलेलं माप ठेव: रुंदीची एक, उंचीची एक. साहित्य बदललं की ती बदलायची, बाकी सूत्रं तशीच. हे एक माप वेगळं काढलंस तर किचन आणि देवघर दोन्ही एकाच शटरमधून निघतील.

आता एक गोष्ट जी तुझ्या पत्रात नाही, पण तुमच्या कारखान्यात नक्की घडत असणार. अण्णा सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतात आणि तू मिलिमीटरमध्ये. त्यांची पट्टी अडीच इंची, म्हणजे ६३.५ मिमी, तुझी ६५. त्यांच्या खोबणीची रुंदी दोन सूत, म्हणजे ६.३५, तुझी ६. निम्मे तुकडे सीएनसीवरून आले आणि निम्मे अण्णांनी हातानं केले, तर एका शटरमध्ये ३ मिमीचा फरक पडतो आणि दोघांनाही आपलंच माप बरोबर वाटतं. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, हे भिंतीवर लिहून ठेव, पण काम एकाच मापात कर. मी मिलिमीटर म्हणेन, कारण हिंज (बिजागरी), चॅनेल, ड्रिलचे बिट हे सगळं आता मिलिमीटरमध्येच येतं. मापपत्रकावर अण्णांसाठी शेजारी सुताचा रकाना दे. या वयात त्यांनी टेप बदलावा असा आग्रह धरू नकोस.

शटर ४४६ चं का, हेही एकदा नीट लिहून ठेव. कपाटाचा बॉक्स ४५० चा, दोन्ही बाजूंना २ मिमी फट, म्हणून ४४६. ही फट एकाच ठिकाणी वजा झाली पाहिजे. बॉक्सच्या हिशेबात वजा केलीस आणि शटरच्या सूत्रातही वजा केलीस, तर शटर ४४२ चं होतं आणि दोन शटर्समध्ये बोटाचं टोक जाईल एवढी चीर दिसते. कपाटांचे प्रोग्राम बहुतेक वेळा फट बॉक्सच्या बाजूनं मोजतात आणि शटरला तयार माप देतात. म्हणून तुझ्या शटरनं मिळालेलं माप जसंच्या तसं घ्यावं, त्यात हात घालू नये.

नियम लिहिले की ते कुठे मोडतात तेही बघायला हवं, आणि नवशिक्यांची लायब्ररी इथेच फसते. बाटल्यांचा १५० चा पुलआउट, म्हणजे ओढून बाहेर काढायचं अरुंद कपाट, घे. समोरचं शटर १४६, त्यातून १३० गेले, पॅनेल दिसणार १६ मिमी. हे शटर नाही, ही खिडकीची फट झाली. ड्रॉवरचंही तसंच: १३६ उंचीच्या फ्रंटला वर-खाली ६५ च्या पट्ट्या लावल्यास मधे ६ मिमी उरतात. यावर दोन उपाय: पट्टी ४० ची करायची, किंवा पॅनेलच काढून टाकायचं आणि सपाट फ्रंटला तेवढीच कडेची गोलाई द्यायची. ड्रॉवरला मी ४० ची पट्टी देईन. पुलआउटला सपाट. ४० ची पट्टी दिली तरी पुलआउटचं पॅनेल ६६ मिमीच दिसतं, आणि पेंटरला त्या अरुंद खोलगट भागात फिनिश नीट आणता येत नाही. शेवटी अण्णा जे ठरवतील ते नियम म्हणून लिही, उदाहरणार्थ: रुंदी २५० च्या खाली गेली की सपाट.

पण हिंज असलेल्या शटरला पट्टी ४० ची कधीच करू नकोस. ऑटो हिंजचा कप, म्हणजे शटरच्या भोकात बसणारी वाटी, ३५ मिमी व्यासाचा असतो. तो शटरच्या कडेपासून ५ मिमी सोडून बसवला तर त्याचं केंद्र २२.५ वर येतं आणि आतली बाजू ४० वर संपते. तुझ्या ६५ च्या पट्टीत खोबण ५५ पासून सुरू होते, म्हणजे मधे १५ मिमी भरीव माल राहतो, छान. पट्टी ५० केलीस तर खोबण ४० वर सुरू होते, बरोबर जिथे कप संपतो तिथे. एमडीएफमध्ये हा भाग पहिल्या वर्षातच उखडतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं हिंज खराब होता. हिंजच्या बाजूची पट्टी ५५ च्या खाली जाऊ नये, ही अट मॉडेलमध्येच टाक. कपाचं भोकही मॉडेलमध्ये दाखव: वरून आणि खालून १०० मिमीवर केंद्र. आडवी पट्टी ६५ ची असल्यामुळे कप सांध्याच्या बाहेर राहतो, आणि उंची बदलली तरी तो शंभरावरच राहिला पाहिजे, उंचीबरोबर सरकता कामा नये. उंच शटरला मधे तिसरा हिंज लागतो. त्याची जागा उंचीच्या निम्म्यावर, म्हणजे ती मात्र सूत्रातून निघते.

कमानीकडे येऊ. तुझी कमान ओढल्यावर बसकी होते कारण वर्तुळाचा तुकडा एका दिशेनं ओढला की तो वर्तुळाचा राहातच नाही. कमानीचं नातं असं आहे: उघड्या भागाची रुंदी आणि कमानीची उंची ठरली की त्रिज्या निघते. रुंदीचा वर्ग भागिले आठ वेळा उंची, अधिक उंचीचा निम्मा. ३१६ च्या उघड्या भागाला ४० ची उंची दिली तर त्रिज्या ३३२ येते. ५९६ च्या शटरमध्ये उघडा भाग ४६६, तिथे तीच ४० उंची ठेवली तर त्रिज्या साधारण ६९९. त्रिज्या वेगळ्या आल्या तरी चालतं. एका ओळीत टांगलेल्या कपाटांवरून नजर आडवी फिरते, तेव्हा सगळ्या कमानींचे माथे आणि सगळ्यांचे पाय एका रेषेत दिसायला हवेत. म्हणून उंची ठरलेली ठेव, त्रिज्या निघू दे. २९६ च्या अरुंद शटरमध्ये मात्र हीच ४० ची कमान फार टोकदार वाटेल, त्रिज्या १०६ च्या आसपास येते. तिथे वरची पट्टी सरळच ठेवलेली बरी. आणि कमानीची वरची पट्टी मुळात १०५ ची घे, म्हणजे माथ्याशी ६५ शिल्लक राहतील आणि बाकीच्या पट्ट्यांशी मेळ बसेल.

पॅनेलच्या वरच्या कडेलाही कमान लागते, आणि इथे हमखास घसरायला होतं. पॅनेल १० च्या खोबणीत १ ची मोकळीक सोडून ९ मिमी आत जायचं; पट्टीचीच कमान उचलून ९ मिमी वर ठेवली तर माथ्यावर पॅनेल ९ मिमी आत जातं पण बाजूंना आठच्याही खाली. केंद्र तेच ठेवून त्रिज्या ९ नं वाढव, ३४१. मग सगळीकडे सारखं आत जातं.

मोल्डिंगबद्दल. तुला ते अख्ख्या शटरभर काढायचं नाही. मोल्डिंगचा छेद काढायचा, म्हणजे पट्टी करवतीनं आडवी कापल्यावर तोंडाशी जो आकार दिसतो तो. अण्णांना राउटरवर दोन इंचाचा तुकडा काढायला सांग, त्याचं तोंड स्वच्छ घासून घे, स्टीलच्या मोजपट्टीसकट स्कॅनरवर पालथा ठेव आणि ३०० डीपीआयवर स्कॅन कर. त्यात १ मिमीला जवळजवळ १२ ठिपके येतात, एवढं पुष्कळ झालं. ते चित्र स्केचअपमध्ये आणून मोजपट्टीवरून माप जुळव आणि त्यावर दोन कमानी (गोलाईच्या रेषा) व दोन-तीन सरळ रेषा, एवढ्यातच आकार बसव. डॉक्टरांच्या गावच्या दारावरून थेट घ्यायचं असेल तर सुया सरकणारा प्रोफाईल गेज मिळतो, तो दाबला की आकार उमटतो. जुन्या दारावर रंगाचे थर असतात. जिथे रंग उडालेला आहे तिथला आकार घे. आणि तो आकार जसाच्या तसा किचनला लावू नकोस. सहा फुटी दाराला शोभणारं मोल्डिंग ७१६ च्या शटरवर अवजड वाटतं. अण्णांकडे असलेल्या बिटांपैकी त्याच्या जवळचा आणि लहान बिट निवड, म्हणजे मॉडेलमध्ये जे दिसेल तेच लाकडात निघेल.

हा छेद स्केचअपच्या 'फॉलो मी' या साधनानं आतल्या चौकोनावरून फिरवला की मोल्डिंग तयार होतं. स्केचअपला एका मिलिमीटरहून बारीक पृष्ठं भरता येत नाहीत, मधेच भोकं पडतात. त्यावर जुना उपाय आहे: तेवढा भाग मिलिमीटरऐवजी मीटरमध्ये काढायचा आणि पूर्ण झाल्यावर हजारपट लहान करायचा.

तुझा लॅपटॉप इथेच अडकतो आहे. स्केचअपची कमान न सांगता १२ तुकड्यांची असते. दोन कमानींचं मोल्डिंग म्हणजे एका बाजूला २४ पृष्ठं, चार बाजूंना ९६, आणि हे छत्तीस वेळा. प्रत्येक कमान ४ तुकड्यांची कर. एका शटरला ३२ पृष्ठं पुरतात आणि तीन फुटांवरून कुणालाच फरक कळत नाही. पण खरा भार कमळाचा असणार, अगदी खात्रीनं सांगतो. नेटवरून उतरवलेल्या कोरीव कमळात लाखांनी त्रिकोण असतात. मॉडेलमध्ये कमळाचा फोटो पॅनेलवर चिकटव, एवढंच. कोरीव कामाची खरी फाईल वेगळी ठेव, ती फक्त सीएनसीसाठी. कमळाचं मापही ठरलेलं: ते कधीच ओढलं जाणार नाही. त्याची जागा सूत्रातून येते, पॅनेलच्या रुंदीतून कमळाची रुंदी वजा करून निम्मं. पॅनेल लहान पडलं तर कमळ लपवायचं. देवघराची दोन दारं वेगळ्या मापाची निघाली तरी दोन्हीवर एकसारखं, अखंड कमळ आलं पाहिजे. देवासमोरच्या दारावर चपटं कमळ बरं दिसत नाही.

हे सगळं कशात करायचं? तुझ्याकडे स्केचअपची विकत घेतलेली आवृत्ती असेल तर डायनॅमिक कंपोनंट, म्हणजे सूत्रांवरून मापं बदलणारा घटक, वापर. चार पट्ट्या, पॅनेल आणि कमळ असे सहा घटक एका घटकात ठेव, आणि प्रत्येकाच्या लांबी-रुंदी-जागेला वरची सूत्रं दे. सूत्रांच्या त्या पेटीत मापं इंच किंवा सेंटीमीटर धरली जातात, मिलिमीटर नाही, म्हणून ६५ ऐवजी ६.५ लिहायचं, हे न कळल्यामुळे लोक दिवस घालवतात. शटरचा मूळ बिंदू डावीकडच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात ठेव, कारण मागची बाजूच बॉक्सला टेकते. लाल अक्ष रुंदीला, हिरवा जाडीला, निळा उंचीला. बाहेरची सगळी पृष्ठं पांढरी दिसली पाहिजेत. कुठे निळसर-करडं दिसलं तर ते उलटं आहे, उलट करून घे, नाहीतर दुसऱ्या प्रोग्राममध्ये गेल्यावर पेंट गायब होतो. विकतची आवृत्ती नसेल तर फ्रीकॅड हा ड्रॉइंगचा प्रोग्राम फुकट आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्यात तक्ता भरायचा आणि मापं त्या तक्त्याला जोडायची. शिकायला जड जातं, पण डिप्लोमा केलेल्या मुलीला झेपेल.

सीएनसीला मात्र हे मॉडेल पाठवूच नकोस. मशीनला सपाट रेषा लागतात: प्रत्येक तुकडा वेगळा, बंद रेषेचा, आरपार कापायच्या रेषा एका थरात, खोबणी दुसऱ्या, हिंजचे कप तिसऱ्या, आणि थराच्या नावातच खोली लिहिलेली. कमान तर स्केचअपमधून नकोच. १२ तुकड्यांच्या त्या कमानीत खऱ्या वर्तुळापासून पाव मिमीहून जरा जास्त फरक पडतो. हाताला लागत नाही, पण पीयूच्या चकाकीत प्रत्येक कोन उठून दिसतो. फ्रीकॅडमध्ये किंवा ऑटोकॅडमध्ये त्रिज्या देऊन खरी कमान काढ. फाईलच्या कोपऱ्यात १०० × १०० चा एक चौकोन ठेव आणि मशीनवाल्याला तो आधी मोजायला सांग. इंच आणि मिलिमीटरचा घोळ असेल तर तिथेच उघडा पडतो, नाहीतर मराठवाडा एक्सप्रेसनं पुन्हा संभाजीनगर. पहिल्यांदा एकच शटर कापून आण, तेही कमानीचं, आणि सरस न लावता अण्णांकडून कोरडं जुळवून घे. ते म्हणतात ना लाकडाला टेप लागतो. तो टेप इथे लागतो. त्यांनी होकार दिल्याशिवाय बाकीची पस्तीस पाठवायची नाहीत.

महागड्या सॉफ्टवेअरबद्दल एवढंच. कॅबिनेट व्हिजन, मोझेक, मायक्रोवेलम असे प्रोग्राम फार चांगले आहेत. स्वतःचं सीएनसी असेल, महिन्याला बरीच किचनं निघत असतील, तर त्यांचा खर्च भरून येतो. पण तेही तुला पहिल्या दिवशी हेच विचारतील: उभी पट्टी किती, आडवी किती, खोबण किती खोल, मोकळीक किती, मोल्डिंगचा छेद द्या. ज्याच्याकडे ही उत्तरं नाहीत तो ते विकत घेऊनही शटर ओढतच बसतो. तुझा तक्ता तयार असेल तर पुढे कधी घेतलंस तेव्हा तो एका दुपारी भरून होईल.

आता पैशांचं. मागायचे. कोटेशनमध्ये 'ड्रॉइंग आणि मापपत्रक' अशी वेगळी ओळ घाल, कामाच्या एकूण रकमेत मिसळू नकोस, कारण मिसळलं की ते फुकटच धरलं जातं. एक बदल त्यात धरलेला, पुढच्या प्रत्येक बदलाचे पैसे, हेही तिथेच लिही. मापपत्रकावर गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय एकही शीट कापायची नाही. फ्रिजची जागा सहीनंतर हलली तर तो खर्च त्यांचा. गिऱ्हाइकाला पीडीएफ द्यायची, मूळ फाईल नाही. शटरचं ते मॉडेल तुझं आहे, उद्या दुसऱ्या घरात तेच वापरणार आहेस. हसणारे हसोत. तुझे सध्याचे गिऱ्हाईक डॉक्टर आहेत, तपासणीची फी ते औषधापेक्षा वेगळी घेतात, त्यांना हे पटवायला वेळ लागणार नाही. त्यांच्यापासूनच सुरुवात कर, आणि बोलणी अण्णांसमोर कर, म्हणजे पुढच्या कामाला ती ओळ अण्णा स्वतःच लिहायला सांगतील.